बोटीचे इंजिन, पाण्याचा पंप आणि एक लोखंडी पट्टी

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर संध्याकाळच्या वेळी उभे राहिलात, तर मासेमारीच्या बोटी एकामागून एक परत येताना दिसतील. नीट पाहिलेत तर कित्येक बोटींच्या कुशीतून पाण्याची एक धार थांबून थांबून बाहेर पडत असते. बोटीत शिरलेले पाणी उपसून टाकत असतील, असे पाहणाऱ्याला वाटते. पण तसे नसते. इंजिन थंड करून बाहेर पडणारे ते समुद्राचेच पाणी असते. वैद्य जसा नाडीवर बोट ठेवतो, तसे जाणत्या तांडेलाचे लक्ष या धारेवर असते. धार बारीक झाली, की इंजिनाचे काहीतरी बिघडले आहे असे तो ओळखतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांच्या बोटीची ही धार रात्री भर समुद्रात बंद पडली. इंजिन तापले, वाफ येऊ लागली आणि ते थांबवावे लागले. बोटीवर पाच माणसे होती. वारा जमिनीकडून वाहत असल्याने बोट हळूहळू आणखी आत सरकत राहिली. पहाटे दुसऱ्या बोटीने दोर टाकून ती ओढून आणली. जीव वाचले, नुकसान थोडक्यात निभावले. कारण शोधले तेव्हा सापडला एक रबरी पंखा. मुठीत मावेल एवढा, पाती झडलेला.

हा पंखा दर वर्षी बदलायचा असतो. तो तीन वर्षे बदललेला नव्हता. का, ते समजण्यासाठी आधी थोडे गणित करू.

मिनिटाला एक बादली

रुडॉल्फ डीझेल यांच्या इंजिनाची १८९७ साली चाचणी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे २६ टक्के ऊर्जा उपयोगी पडली. त्या काळी ही फार मोठी मजल होती. आज छोट्या बोटीचे डीझेल इंजिन सुमारे एक तृतीयांश ऊर्जा पंख्याच्या दांड्याला देते. उरलेली दोन तृतीयांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर जाते. तिचा मोठा भाग धुराबरोबर जातो, दुसरा मोठा भाग थंड करणाऱ्या पाण्यातून जातो आणि थोडी उष्णता इंजिनाच्या अंगावरून हवेत जाते.

आमच्या बोटीचे इंजिन २० अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे १५ किलोवॅटचे आहे. पूर्ण जोरात चालताना ते इंधनातून साधारण ४५ किलोवॅट घेते. त्यातले १२ किलोवॅट पाण्याने वाहून न्यायचे आहेत असे धरू. म्हणजे दर सेकंदाला १२ किलोज्यूल. समुद्राच्या पाण्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४ किलोज्यूल दर किलोग्रॅम दर अंश आहे. पाण्याचे तापमान २० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर प्रत्येक किलोग्रॅम पाणी ८० किलोज्यूल घेऊन जाईल. १२ ला ८० ने भागा. उत्तर येते ०.१५. म्हणजे सेकंदाला ०.१५ किलोग्रॅम, मिनिटाला ९ किलोग्रॅम. एका मिनिटाला एक लहान बादली पाणी, एवढीच या इंजिनाची गरज.

आता ही बादली बंद झाली तर? इंजिनाचे लोखंड साधारण २०० किलोग्रॅम आहे. त्याची विशिष्ट उष्णता ०.५ धरली, तर ते एका अंशाने तापायला १०० किलोज्यूल लागतात. इंजिनाच्या आत फिरणारे गोडे पाणी सुमारे ६ लिटर असते, त्याला आणखी २५ किलोज्यूल. एकूण १२५. दर सेकंदाला १२ किलोज्यूल आत येत असतील, तर तापमान मिनिटाला जवळजवळ ६ अंशांनी चढेल. ८० अंशांवर सुखाने चालणारे इंजिन पाच मिनिटांत ११० अंशांवर जाईल. प्रत्यक्षात सगळे लोखंड सारखे तापत नाही. सिलिंडरचे डोके आधी तापते आणि वाकडे होते. म्हणजे तांडेलाच्या हाती पाच मिनिटेही नसतात.

रबरी पंख्याची करामत

समुद्राचे पाणी आत ओढणाऱ्या पंपाची रचना सोपी आणि सुंदर आहे. एक गोल डबी, तिच्यात रबरी पाती असलेला पंखा. डबीची आतली भिंत पूर्ण गोल नसते. एका बाजूला तिला फुगवटा दिलेला असतो. पंखा फिरताना पाती या फुगवट्याशी आली की वाकतात आणि दोन पात्यांमधली जागा लहान होते. फुगवटा ओलांडला की पाती सरळ होतात आणि ती जागा पुन्हा मोठी होते. जागा मोठी झाली की तिथला दाब कमी होतो. मग बाहेरच्या हवेचा दाब समुद्राचे पाणी नळीतून वर ढकलतो. पुढे पुन्हा फुगवटा आला, की जागा आकसते आणि पाणी दुसऱ्या नळीतून बाहेर फेकले जाते. शेतावरच्या केंद्रोत्सारी पंपात आधी पाणी भरावे लागते. या पंपात तसे करावे लागत नाही, नळीतली हवाही तो स्वतःच ओढून काढतो.

पण पाती सारखी घासत असतात. त्यांना वंगण असते ते पाण्याचेच. पाणी न येता पंप थोडा वेळ जरी कोरडा फिरला, तरी घर्षणाने रबर जळते. खाडीच्या तोंडाशी वाळू आणि गाळ येतो, त्याने पाती झिजतात. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तेव्हा फुगवट्याशी दबलेली पाती महिनोन् महिने तशीच वाकून राहतात आणि मग सरळ होईनाशी होतात. म्हणून पावसाळ्याआधी पंखा काढून ठेवावा आणि हंगामाच्या सुरुवातीला तपासून बसवावा, हा नियम.

यासाठी करायचे काय? डबीचे पितळी झाकण सहा छोट्या स्क्रूंनी बसवलेले असते. समुद्राची तोटी बंद करायची, सहा स्क्रू काढायचे, जुना पंखा ओढून नवा घालायचा, झाकणाखाली नवे कागदी पॅकिंग ठेवायचे आणि स्क्रू परत आवळायचे. दहा-पंधरा मिनिटांचे काम.

मग तीन वर्षे का झाले नाही?

कारण त्या झाकणासमोरून एक लोखंडी पट्टी गेलेली होती.

आडवी आलेली पट्टी

बोटीवरचे दिवे आणि वायरलेस यांच्या बॅटरीला वीज पुरवणारे अल्टरनेटर नावाचे यंत्र इंजिनाच्या अंगाला टांगलेले असते. बंदरावरचे मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात, आपणही तसेच म्हणू. या डायनामोचे वजन सुमारे ६ किलोग्रॅम. भिंतीवरच्या फळीखाली जसा लोखंडी आधार, म्हणजे ब्रॅकेट असते, तसे एक ब्रॅकेट त्याला धरून ठेवते. आमच्या बोटीवर ही पट्टी ४० मिलिमीटर रुंद, ६ मिलिमीटर जाड आणि १२ सेंटिमीटर लांब होती. तिचे एक टोक इंजिनाला बोल्टांनी पक्के होते, दुसऱ्या टोकाला डायनामो आणि मधोमध, बोटभर अंतरावर, पंपाचे झाकण! सहापैकी दोन स्क्रू बरोबर पट्टीमागे होते. तिथे स्क्रूड्रायव्हर सरळ धरताच येत नव्हता.

म्हणजे पंखा बदलायचा तर आधी पट्टा सैल करा, डायनामो उतरवा, पट्टीचे बोल्ट काढा आणि शेवटी सगळे परत जोडा. गुडघ्यावर बसून, गरम तेलाच्या वासात, अर्धा दिवस. साहजिकच काम पुढे ढकलले जाई. नंतर कळले, की कोणा मिस्त्रीने कंटाळून त्या दोनपैकी एक स्क्रू लावलाच नव्हता!

माझा विद्यार्थी मला म्हणाला, “सर, या पट्टीचे काहीतरी करायला हवे.” मी वह्या तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, “स्क्रूसमोर पट्टीला एक खाच पाड. स्क्रूड्रायव्हर जाईल.”

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाने दिलेला हा सल्ला होता. त्याची मला आजही लाज वाटते.

खाचेने काय केले

मुलाने हॅकसॉने पट्टीला २० मिलिमीटर खोल चौकोनी खाच पाडली. स्क्रूड्रायव्हर छान जाऊ लागला. पंखा बदलला, राहिलेला स्क्रू लावला, बोट समुद्रात गेली. साधारण वीस दिवसांनी तो वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी घेऊन आला आणि माझ्या टेबलावर ठेवले. ती पट्टी होती. इंजिन पुसताना त्याला खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली गंजाची एक तांबूस रेघ दिसली होती. ती रेघ म्हणजे तडा होता. पट्टी आणखी दोन-चार दिवसांत समुद्रात तुटली असती. डायनामो पट्ट्यासकट निखळला असता. त्याच पट्ट्यावर इंजिनातले गोडे पाणी फिरवणारा पंपही चालतो. म्हणजे इंजिन पुन्हा तापले असते आणि या वेळी माझ्यामुळे.

असे का झाले ते पाहू. एक प्लॅस्टिकची फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून टोक दाबा, सहज वाकते. आता ती धारेवर उभी धरून तसेच दाबा, वाकत नाही. वाकवण्याच्या दिशेतली रुंदी जास्त असली की ताठपणा वाढतो, आणि तो रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा आठपट, अर्धी केली तर एक अष्टमांश.

आमच्या पट्टीवर डायनामोचे वजन आणि पट्ट्याची ओढ ही तिच्या रुंदीच्या दिशेने येत होती. ४० मिलिमीटरची रुंदी खाचेपाशी २० राहिली. त्या जागी ताठपणा एक अष्टमांश झाला. धातूमधला ताण रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणून तो चौपट झाला. शिवाय खाचेचा कोपरा धारदार होता. शांपूच्या पुडीला कडेला बारीक खाच असते ती कशासाठी? पुडी तिथूनच फाटावी म्हणून. धारदार कोपऱ्यात ताण गोळा होतो. तो आजूबाजूच्या ताणाच्या दोन-तीनपट सहज होऊ शकतो. चौपटीवर आणखी दोन-तीनपट!

तरीही पट्टी पहिल्या दिवशी तुटली नाही. वीस दिवस का लागले?

धातूही थकतो

हे इंजिन दोन सिलिंडरचे, चार फटक्यांचे, मिनिटाला १५०० फेरे घेणारे आहे. म्हणजे सेकंदाला २५ फेरे, आणि दर फेऱ्याला सरासरी एक स्फोट. प्रत्येक स्फोटाबरोबर इंजिन थरथरते आणि डायनामो पट्टीला एक झटका देतो. दिवसाला आठ तास इंजिन चालले तर २५ गुणिले ३६०० गुणिले ८, म्हणजे ७ लाख २० हजार झटके. वीस दिवसांत १ कोटी ४४ लाख!

जो भार एकदा दिला तर धातू हसत झेलतो, तोच भार लाखो वेळा देऊन काढून घेतला तर धातू तुटू शकतो. याला धातूचा थकवा म्हणतात. १८४२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायहून पॅरिसला जाणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटून भीषण अपघात झाला, तेव्हापासून इंजिनिअर या कोड्याच्या मागे लागले. जर्मनीतील रेल्वे इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यांनी १८५० ते १८७० या काळात आसांवर पद्धतशीर प्रयोग केले. पोलादावरचा ताण एका मर्यादेच्या खाली ठेवला, तर ते कितीही झटके सहन करते, पण मर्यादा ओलांडली, की झटक्यांची संख्या मोजूनच घ्यावी लागते, असे त्यांना आढळले. १९५४ साली कॉमेट जातीची दोन प्रवासी जेट विमाने भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. तसेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून आतला दाब पुन्हा पुन्हा कमीजास्त केला, तेव्हा खिडकीसारख्या एका उघड्या जागेच्या कोपऱ्यापाशी पत्रा फाटला. तिथेही तोच कोपरा, तोच थकवा.

आम्ही प्रयोगशाळेत ती पट्टी शिकंज्यात धरून हातोडीने पूर्ण तोडली आणि तुटलेला भाग भिंगाखाली पाहिला. खाचेच्या कोपऱ्यापासून अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत होता. त्यावर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक वक्र रेषा होत्या. उरलेला भाग खडबडीत, चमकदार होता. तो आम्ही हातोडीने तोडलेला. गुळगुळीत भाग तड्याने रोज थोडा थोडा पुढे सरकत खाल्लेला. वर्गातल्या कोणालाही थकव्याची व्याख्या पाठ करावी लागली नाही.

दुसरा विचार

आता या वेळी वह्या बाजूला ठेवून आम्ही कागद-पेन्सिल घेतली. पट्टी कापायची नाही, तिचा मार्गच बदलायचा असे ठरले. इंजिनावर पंपाच्या वरच्या बाजूला दोन रिकामी, आटे पाडलेली भोके होती. नवे ब्रॅकेट तिथे पक्के करायचे, पंपाच्या डोक्यावरून पुढे न्यायचे आणि पलीकडे खाली वळवून डायनामोला धरायचे. झाकणासमोर काहीच नाही.

पण मार्ग वळसा घेतो, म्हणून लांबी १२ सेंटिमीटरवरून १५ झाली. एका टोकाला पक्क्या असलेल्या पट्टीचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. १५ ला १२ ने भागले तर १.२५, त्याचा घन १.९५. म्हणजे ताठपणा जवळजवळ निम्मा झाला. तो भरून काढायला रुंदी ४० वरून ५० मिलिमीटर केली. हे प्रमाणही १.२५, त्याचा घनही १.९५. जेवढे गेले तेवढे परत आले. जाडी ६ वरून १० मिलिमीटर केली. जाडीच्या सरळ प्रमाणात ताठपणा १.६७ पट वाढला. एकूण हिशेबात नवे ब्रॅकेट जुन्या अखंड पट्टीपेक्षा दीडपटीहून जास्त ताठ. वळणामुळे थोडे कमी होईल, म्हणून वळणाच्या आत एक तिकोनी तुकडा वेल्डिंगने जोडला आणि आतला कोपरा कानशीने गोल केला. वजन साधारण साडेतीनशे ग्रॅमने वाढले, बोटीला ते कळणारही नाही.

ताठपणाचे आणखी एक कारण आहे. फूटपट्टी टेबलाच्या कडेवर दाबून तिचे बाहेरचे टोक उडवा. लांब टोक सावकाश हेलकावते, आखूड टोक झरझर कंप पावते. प्रत्येक वस्तूची अशी स्वतःची वारंवारता असते. बाहेरून मिळणारे झटके त्याच वारंवारतेचे असले, तर कंपने वाढत जातात. यालाच अनुनाद म्हणतात. आपले इंजिन सेकंदाला २५ झटके देते, त्यात ५० चेही कंपन मिसळलेले असते. समजा, जुन्या पट्टीची डायनामोसकट वारंवारता ९० होती. पट्टी पूर्ण लांबीभर निम्म्या रुंदीची केली असती, तर ती आठाच्या वर्गमुळाने भागली जाऊन ३२ च्या आसपास आली असती, म्हणजे इंजिनाच्या २५ च्या शेजारी. आमची खाच थोड्याच भागात होती, म्हणून घट एवढी नसेल, पण दिशा तीच. ब्रॅकेट ताठ केले की आपण या धोक्यापासून वर, दूर जातो.

सगळे ठरल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, नवी पट्टी ४ मिलिमीटरने जाड आहे. मग डायनामोची पुली ४ मिलिमीटर पुढे नाही का येणार?” प्रश्न बरोबर होता. माझ्या लक्षात आले नव्हते. पुल्या एका रेषेत नसतील, तर पट्टा एका कडेने घासून महिन्याभरात चिंध्या होतो. आम्ही डायनामोच्या कानामागचे ४ मिलिमीटरचे वॉशर काढून टाकले आणि दोन्ही पुल्यांवर ताणलेला दोरा लावून रेष तपासली. बोल्टांना दुहेरी नट लावले, म्हणजे थरथरीने सैल होणार नाहीत. खाऱ्या हवेत लोखंड गंजते आणि वेगळ्या धातूला चिकटून असले तर आणखी लवकर गंजते. म्हणून ब्रॅकेट, बोल्ट, वॉशर सगळे पोलादाचेच ठेवून वर रंगाचे दोन हात दिले.

हात पोचतो तिथे

ब्रॅकेट बसवल्यावर तांडेलांनी स्वतः तोटी बंद केली, झाकण काढले, पंखा पाहिला आणि परत लावला. घड्याळात अठरा मिनिटे झाली. ते म्हणाले, “सर, आता हे आमचे काम झाले. मिस्त्रीची वाट बघायला नको.” आता ते दर महिन्याला झाकण उघडतात. एक जादा पंखा आणि दोन पॅकिंगे डब्यात घालून इंजिनाशेजारी ठेवलेली असतात. कधी एखादे पाते तुटलेले आढळले, तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत ते नळ्या तपासतात. तो तुकडा पुढच्या अरुंद नळ्यांत अडकला, तर नव्या पंख्याचाही उपयोग होत नाही.

तीन वर्षे पंखा न बदलणारा तांडेल हाच. तो आधी आळशी नव्हता आणि नंतर अचानक शहाणाही झाला नाही. बदलली ती पट्टीची जागा. यंत्राच्या ज्या भागापर्यंत हात पोचत नाही, त्याची निगा राहत नाही. यंत्र बनवताना ते चांगले कसे चालेल एवढेच पाहून भागत नाही, ते उघडणारा माणूस कुठे बसेल आणि त्याचा हात कसा जाईल, हेही पाहावे लागते.

तुमच्या घरी, शाळेत किंवा वाडीतल्या विहिरीवर असे एखादे यंत्र असेल. त्याचा कोणता भाग वर्षानुवर्षे कोणी उघडलेला नाही, ते शोधा आणि का उघडलेला नाही, ते विचारा. सुधारणा सुचली तर जरूर करा, पण हॅकसॉ हातात घेण्यापूर्वी रुंदीचा घन आणि शांपूची पुडी यांची आठवण ठेवा. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात ती तुटलेली पट्टी अजून ठेवलेली आहे. दर वर्षी नव्या वर्गाला मी ती दाखवतो आणि खाच पाडायला कोणी सांगितले होते, तेही सांगतो.